हरणं आणि हात टेकणं

"का बे, आपटला का नाही शेवटी हात तुझ्या सीनानं?" सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलीय, पाळणे फिरतायत, मौत का कुआंमधल्या मोटारसायकली कान किटवतायत, आणि बाहेर चहाच्या गाड्यावर चाळिशी ओलांडलेली आम्ही चार माणसं एका अमेरिकन पहिलवानावरून हमरीतुमरीवर आलोय. लढत झाली २०२५ च्या १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीतल्या जॉन सीनाची कारकिर्दीतली शेवटची लढत. गुंथरनं मागून गळ्याला विळखा घातला, सीना बराच वेळ धडपडला, मग किंचित हसला आणि हात आपटून त्यानं हार मानली. ज्याच्या टी-शर्टवर, टोपीवर, मनगटाच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं 'नेव्हर गिव्ह अप' छापलेलं होतं, त्यानं. तिथल्या लोकांनी कंपनीच्या कथानकांचा कारभार बघणाऱ्या ट्रिपल एचची हुर्यो उडवली. ती हुर्यो महिना उलटला तरी सोलापुरात चालूच आहे.

भांडायला हरकत नाही, पण भांडण भलत्याच मुद्द्यांवर चाललंय. एक म्हणतो, एवढ्या मोठ्या पहिलवानाला शेवटी हरवायलाच नको होतं. दुसरा म्हणतो, सगळं आधी ठरलेलं असतं, खोट्या कुस्तीपायी खरी डोकेफोड कशाला? तिसऱ्याचं चादरींचं दुकान आहे. तो म्हणतो, माल त्यांचा, गिऱ्हाईक त्यांचं, आपण कोण सांगणारे? मला तिघांचंही पटत नाही. सीना हरला हे बरोबरच झालं. त्याला हात टेकायला लावले हे चुकलं. कंपनीनं लोकांकडून वीस वर्षं एका सोंगाचे पैसे घेतले आणि शेवटच्या दिवशी त्या सोंगाचा हिशेब न देताच फळ्या लावल्या.

'खोटं आहे' हे पालुपद आधी बाजूला करू, कारण ते सगळ्यात जुनं आणि सगळ्यात आळशी आहे. खोटं आहे हे कुणापासून लपलंय? १९८९ साली कंपनीनंच न्यू जर्सीच्या सिनेटपुढं सांगून टाकलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. खेळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाच्या कचाट्यातून तिला सुटायचं होतं. आम्ही शाळेत असताना दप्तरात पहिलवानांचे पत्ते असायचे: रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या लढल्या, किती जिंकल्या. अंडरटेकरला सात जन्म आहेत यावर आमचा पाढ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. दहावीपर्यंत सगळ्यांना सगळं कळलं. कळल्यावर कुणी बघायचं सोडलं? निळू फुले हे राष्ट्र सेवा दलातून आलेले साधे, सज्जन गृहस्थ होते, तरी पडद्यावरच्या त्यांच्या पाटलाला गावोगावच्या बायका शिव्याशाप द्यायच्या. त्या बायकांना सिनेमा म्हणजे काय हे कळत नव्हतं असं समजणाऱ्याची मला कीव येते. मध्यंतरानंतर तोच पाटील काही कारण न घडता टाळ घेऊन कीर्तनाला उभा राहिला असता, तर 'सिनेमा खोटाच असतो' म्हणून थिएटर गप्प बसलं असतं का?

उलट मी म्हणेन, ठरवून केलेलं आहे म्हणूनच जाब विचारायचा. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड भिडले. एक मोहोळचा, एक मंगळवेढ्याकडचा, दोघंही आपल्याच जिल्ह्यातले. एका टांगेला चार गुण दिले ते बरोबर की चूक, यावर अख्खा महाराष्ट्र आठवडाभर मोबाइलवर ती कुस्ती पुढं-मागं करून बघत होता. ते भांडण 'काय घडलं' याचं होतं. पंच माणूस आहे, क्षणात निकाल द्यायचा असतो, त्याला 'मला तसं दिसलं' असं म्हणता येतं. सीनाच्या लढतीत काय घडलं यावर कुणाचंच दुमत नाही. वाद आहे तो काय घडवायला हवं होतं याचा. आणि घडवणाऱ्याकडे वर्ष होतं, लेखकांची फौज होती, ताल धरायला राजी असलेला पहिलवान होता. त्याला पंचाची पळवाट कशी मिळेल?

आता चादरवाल्या मित्राचा मुद्दा. तो जास्त भक्कम आहे, कारण कायदा त्याच्या बाजूनं आहे. अमेरिकेत पहिलवानाचं नाव, पोशाख, घोषवाक्य बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचं असतं. डडली बंधू म्हणून गाजलेल्या जोडीनं २००५ मध्ये कंपनी सोडली, तेव्हा दुसरीकडे 'टीम थ्रीडी' या नावानं उभं राहावं लागलं. कोडी ऱ्होड्सला २०१६ मध्ये बाहेर पडल्यावर बापाचं गाजलेलं आडनाव रिंगमध्ये लावायची कितीतरी दिवस चोरी होती. मालकी एवढी पक्की असेल तर मालकानं काय करावं हे गिऱ्हाइकानं का सांगावं? मी मित्राला त्याच्याच दुकानातलं विचारलं. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उमटते. एका बाजूला जो रंग जमिनीचा, तो पालथ्या बाजूला फुलाचा. म्हणून चादर उलटी टाकली तरी ती चादरच राहते, काही घरांत तर मुद्दाम पालथी टाकतात. पण मागावर अर्धी चादर झाल्यावर तू नक्षी ठरवणारा मोराचा पंचकार्ड काढून हत्तीचा घातलास तर? सूत तुझं, माग तुझा, वीजबिल तुझं. तरी ती चादर कोण घेईल? तो म्हणाला, "सेकंड मालात जाईल." माझा अख्खा युक्तिवाद या दोन शब्दांत आहे.

रोमन रेन्सचं काय झालं बघा. २०१५ च्या जानेवारीत फिलाडेल्फियात त्याला नायक म्हणून जिंकवलं. रॉक या जुन्या नामवंत पहिलवानानं शेजारी उभं राहून त्याचा हात वर केला, तरी लोकांनी छी-थू केली. पुढं पाच वर्षं कंपनी हट्टानं त्याला गोड मुलगा म्हणून खपवत राहिली. मग २०२० च्या ऑगस्टमध्ये तो परतला तो खानदानाचा गर्व मिरवणारा, भावांना पायाशी बसवणारा माणूस म्हणून. पट्टा त्याच्याकडे १३१६ दिवस राहिला. ही चादर पालथी टाकलेली होती. थोरल्या घराण्याचा मुलगा, कंपनीचा लाडका, लोकांवर लादलेला, हे सगळं आधीपासून विणलेलंच होतं. फक्त ज्या गोष्टींसाठी लोक चिडत होते त्या आता त्याचा माज म्हणून समोर आल्या. त्या पाच वर्षांचा राग वाया गेला नाही, भांडवल झाला. आणि इथं मला कबूल करावं लागतं की प्रेक्षकांचं ऐकून कंपनीनं २०१५ मध्येच माघार घेतली असती, तर हे भांडवल साठलंच नसतं. प्रेक्षक नेहमी बरोबर असतो असं माझं म्हणणं नाही. प्रेक्षकाची आठवण मात्र पक्की असते.

आपल्या खलीला या कंपनीनं कसं वागवलं हे तर आपण घरच्यासारखं पाहिलंय. दलीपसिंग राणा, पंजाब पोलिसातला, सात फुटांहून उंच. २००६ मध्ये त्यानं आल्या आल्या अंडरटेकरला लोळवलं. ज्याला सात जन्म होते त्याला! पुढच्या वर्षी जुलैत तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला, तेव्हा आमच्या पेठेत फटाके वाजले होते. आणि मग? मग हाच राक्षस 'पंजाबी प्लेबॉय' म्हणून नाचू लागला, प्रेक्षकांतल्या बायांना बोलावून चुंबनं घेऊ लागला. कंपनीचं म्हणणं असेल की त्याचे गुडघे साथ देत नव्हते, कुस्ती बेताची होती, काहीतरी काम द्यायला हवं होतं. हे खरंच आहे. पण थकलेल्या राक्षसाला काम देता येत नाही असं थोडंच आहे? दाराशी नुसता उभा केला असता तरी भीती वाटली असती. हसं करणं हा सोपा मार्ग होता. मला आजही त्या नाचाची लाज वाटते, आणि का वाटते ते मी नीट सांगू शकत नाही. मी काही खलीचा नातेवाईक नाही.

जिंदर महलची गत तर याहून केविलवाणी. जन्म कॅनडातला, पण भारतीय बाजारपेठेवर डोळा ठेवून मे २०१७ मध्ये त्याला चॅम्पियन केला, आणि काम मात्र अमेरिकनांना डिवचणाऱ्या परक्या खलनायकाचं दिलं. म्हणजे ज्यांच्यासाठी घडवला त्यांच्याच तोंडच्या बोलीचा ठसका हा तिथं शिव्या खाण्याचा विषय. नोव्हेंबरात पट्टा काढून घेतला, डिसेंबरात दिल्लीत आणला आणि भरल्या स्टेडियममध्ये कुणाकडून हरवला? ट्रिपल एचकडून, जो तेव्हाही कंपनीचा वरिष्ठ अधिकारी होता. वर दोघांनी मिळून भांगडा केला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. इथं पैशासाठीच सोंग आणलं होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा अजून राहिलाय. पात्र बदललं नाही तर ते कुजतं. बालगंधर्वांचं उदाहरण माझ्याच विरोधात जातं आणि मी ते टाळणार नाही. वय झालं, शरीर सुटलं, तरी लोकांना ते शालू नेसलेलेच हवे होते. १९३५ मध्ये प्रभातच्या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. गंधर्वांचा चेहरा पुरुषाच्या वेषात पाहायला लोक तयार झाले नाहीत आणि ते पुन्हा रंगभूमीवर स्त्रीवेषाकडे वळले. प्रेक्षकांचं प्रेमसुद्धा कलावंताला त्याच्या सोंगात जिवंत गाडू शकतं. म्हणून मी बदलाच्या विरोधात नाही. १९९६ च्या जुलैत हल्क होगन, मुलांना प्रार्थना करा आणि जीवनसत्त्वं घ्या असं सांगणारा होगन, भर रिंगमध्ये शत्रूंना जाऊन मिळाला, तेव्हा लोकांनी रिंगमध्ये कचऱ्याचा पाऊस पाडला आणि मरगळलेल्या पात्रात जीव आला. का आला? कारण त्या लोकांना आधीपासूनच त्या प्रार्थना-जीवनसत्त्वांचा वीट आला होता. त्यांच्या कंटाळ्याला होगननं उलट उत्तर दिलं. याउलट २००१ मध्ये स्टीव्ह ऑस्टिनला त्याच्याच टेक्सासमध्ये खलनायक केलं. ज्या मालकाला तो चार वर्षं बडवत होता त्याच्याशीच हस्तांदोलन करायला लावलं. लोक टाळ्याच वाजवत राहिले. त्यांना त्याचा कंटाळा आलाच नव्हता. ऑस्टिननं स्वतः नंतर सांगितलंय की तो निर्णय चुकला.

मग २०२५ चा सीना कुठं बसतो? १ मार्चला टोरोंटोत त्यानं कोडीला मिठी मारली आणि मग लाथ घातली. वीस वर्षं जे होणार नाही असं सगळे म्हणत होते ते झालं. कथानकात कोडीवर उलटायचा सौदा रॉकबरोबर झाला होता, आणि तो रॉक एप्रिलमध्ये लास व्हेगासला, जिथं सीनानं सतरावा किताब घेतला, तिथं फिरकलाच नाही. सैतानाला आत्मा विकला आणि सैतान न्यायलाच आला नाही, अशी ही गोष्ट. मधे एकदाच सूर लागला होता. ब्रसेल्समध्ये सीना लोकांकडे बघून म्हणाला, की तुम्ही मला इतकी वर्षं छळलंत, 'सीना सक्स' ओरडलात, आणि आता मी नको म्हटलं तर तुम्हाला दुःख होतंय? मला त्या रात्री वाटलं, अरे, यांना धागा सापडला. हे पालथ्या बाजूचं विणकाम होतं. अर्धं सभागृह जयजयकार करतंय आणि अर्धं शिव्या घालतंय, हे सोंगाच्या आत वीस वर्षं साठलेलंच होतं. पण तो धागा त्यांनी सोडून दिला. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी सीना पुन्हा चांगला झाला. पाच महिने वाईट, मग पुन्हा चांगला, आणि कशामुळं ते पटेल असं कुणी सांगितलं नाही. पंचकार्ड दोनदा बदलला.

हे डोक्यात ठेवून शेवटच्या लढतीकडे या. जे म्हणतात हरवायलाच नको होतं, त्यांना तालमीची रीत माहीत नाही असं मी नम्रपणे म्हणतो. जाणाऱ्यानं येणाऱ्याला देऊन जायचं असतं. जत्रेतल्या फडात उतरत्या वयाचा मल्ल तरण्या पोराकडून चितपट झाला तर लोक दोघांनाही फेटे बांधतात. गामा पहिलवानाच्या गोष्टीतला पोलिश मल्ल झिबिस्को घ्या. १९१० मध्ये लंडनला गामापुढं तो अडीच तास मातीला चिकटावं तसा चटईला चिकटून पडला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि त्याची अब्रू गेली. दुसऱ्या लढतीला तर तो आलाच नाही. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ठेकेदारांनी वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला चॅम्पियन करून ठेवलं होतं. झिबिस्कोनं ठरलेलं गुंडाळून ठेवलं आणि त्याला खरोखर पाठीवर आणला, तेव्हा कुस्ती न येणाऱ्या माणसाला कुस्तीगीराचं सोंग दिलं की काय होतं हे त्या धंद्याला कळलं. आणि १९२८ मध्ये हाच झिबिस्को, पन्नाशीला टेकलेला, पतियाळाला आला आणि एका मिनिटाच्या आत गामानं त्याला आस्मान दाखवलं. त्या हरण्याला कुणी हसत नाही. लंडनच्या न हरण्याला आजही हसतात. हार-जीत एका वहीत आणि अब्रू दुसऱ्या वहीत, हे आपल्या मातीला कधीपासून ठाऊक आहे.

आणि मातीत एक गोष्ट नाही: हात आपटून सुटणं. पाठ टेकते, नाहीतर कुस्ती सोडवतात. आपल्या भाषेत तर 'हात टेकले' याचा अर्थच वेगळा होतो. पोरगं ऐकेना तेव्हा बाप हात टेकतो. त्यात पराभवापेक्षा कबुली जास्त असते.

याच कबुलीचा मोठेपणा सांगणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. ते म्हणतात, तो हसला हे बघा. ज्यानं कधीच सोडलं नाही त्यानं एकदा स्वतःहून सोडलं. झगडा संपवायची परवानगी त्यानं स्वतःला दिली. हे मोठ्या माणसाचं वाचन आहे, आणि सुंदर आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या माझ्यासारख्याला ते लागतंही. गंभीर आजारी असलेल्या साडेसहाशेहून अधिक मुलांना हा माणूस त्यांच्या इच्छेखातर भेटलाय. त्या घरांत 'हार मानू नकोस' या वाक्याचं ओझंही कधी झालं असेल, आणि त्या ओझ्यातून सुटका देणारं हसू मला समजतं. पण मग ते वर्षभर विणायला नको होतं का? तो थकलाय, त्याला सोडायचंय आणि त्याचंच वाक्य त्याला सोडू देत नाही, ही केवढी गोष्ट होती! तिच्याऐवजी आपण सैतान, सौदा, पश्चात्ताप असली तीन ठिगळं पाहिली. शेवटच्या मिनिटातल्या एका हसण्यावर वीस वर्षांचा भार टाकला, आणि ते हसू तो भार पेलेल असं धरून चाललो.

ही कंपनी अडाणी असती तर गोष्ट वेगळी. पण हिनंच १९९७ च्या मार्चमध्ये शिकागोजवळ ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिनची कुस्ती लावली होती. अट अशी, की समोरच्याला शरण आणायचं. ब्रेटनं ऑस्टिनला शार्पशूटर या पाय पिळणाऱ्या पकडीत अडकवलं, ऑस्टिनच्या कपाळातून रक्ताची धार लागली, तो किंचाळला, धडपडला आणि शेवटी शुद्ध हरपून पडला. हात आपटला नाही. पंचानं कुस्ती थांबवली. निकालात ऑस्टिन हरला. त्या रात्री आत येताना शिव्या खाणारा ऑस्टिन बाहेर जाताना लोकांचा झाला, आणि जिंकूनही पडलेल्या माणसाला बडवणारा ब्रेट लोकांच्या मनातून उतरला. दोन पहिलवानांची पात्रं एका पकडीत बदलली, आणि एकाही पात्राला खोटं बोलावं लागलं नाही.

तोच शेवट वॉशिंग्टनला का नाही? गुंथर विळखा सोडत नाही, पंच सीनाचा हात उचलतो, हात पडतो, पुन्हा उचलतो, पुन्हा पडतो, पंच कुस्ती थांबवतो. सीना हरला. गुंथरचं काही कमी झालं असतं का? माझ्या मते वाढलंच असतं. आज त्याच्याबद्दल सगळे एवढंच म्हणतात की यानं सीनाला टॅप आउट करायला लावलं, आणि लगेच राग काढतात तो कंपनीवर. गुंथर मधल्या मधे कोरडाच राहतो. जो माणूस हातच टेकत नाही त्याला झोपवणारा म्हणून तो वर्षभर शिव्या खात फिरला असता, आणि खलनायकाला शिव्यांखेरीज दुसरं काय हवं असतं?

चहा संपेपर्यंत एवढं बोलून झालं. पहिला मित्र अजून म्हणतोय, हरवायलाच नको होतं. चादरवाल्यानं मोबाइलवर सत्त्याण्णवची कुस्ती लावलीय आणि त्याच्या सातवीतल्या पोरानं मान आत घातलीय. आवाज पाळण्यांच्या भोंग्यात बुडालाय, नुसतं दिसतंय. पोरगं विचारतंय, "पप्पा, हा हरला ना? मग सगळे याच्याकडंच का बघायलेत?"